नाताळची सुट्टी: कॉट्सवोल्ड्स की लेक डिस्ट्रिक्ट?

दिवाळीचा फराळ संपत आला की इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो: नाताळात जायचं कुठे? शाळांना दोन आठवडे सुट्टी, पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबा घरात बसून कंटाळलेले, आणि फोनवर बर्फाने झाकलेल्या दगडी घरांचे फोटो. नावं बहुतेक वेळा दोनच निघतात, ऑक्सफर्डच्या पश्चिमेचा टेकड्या-गावांचा कॉट्सवोल्ड्स आणि इंग्लंडच्या वायव्येचा तळ्या-डोंगरांचा लेक डिस्ट्रिक्ट. मी दोन्हीकडे नाताळ काढलाय. एकदा आई-बाबांना घेऊन, एकदा आम्ही चौघंच.

फोटोतला तो बर्फ आधी डोक्यातून काढा. 25 डिसेंबरला कुठे एक हिमकण पडताना दिसला तरी इथलं हवामान खातं 'व्हाइट ख्रिसमस' झाला असं मोजतं. देशभर जमिनीवर बर्फ साचलेला असा नाताळ 2010 सारख्या एखाद्याच वर्षी येतो. एरवी पाऊस, धुकं आणि चिखल. नशीब जोरावर असेल तर दहिवर गोठून पांढरी झालेली कुरणं.

दुसरी गोष्ट 25 तारखेची. आपल्याला नाताळ म्हटलं की गोव्याची किंवा वांद्र्याची गर्दी आठवते. इथे नेमकं उलटं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या दिवशी रेल्वे जवळपास पूर्ण बंद, गावाकडच्या बसही नाहीत. 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायला 2004 च्या कायद्यानेच बंदी आहे. 24 च्या संध्याकाळी गाड्या लवकर संपतात आणि 26 ला, म्हणजे बॉक्सिंग डेला, तुरळक धावतात. आई-बाबांचं विमान 25 ला हीथ्रोला उतरत असेल तर टॅक्सी आजच ठरवून ठेवा.

त्यामुळे गाडी चालवणारं कुणी नसेल तर प्रश्न जवळपास सुटलाच. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोरटन-इन-मार्शला दीडेक तासात थेट गाडी पोचते आणि हे गाव स्वतःच कॉट्सवोल्ड्समध्ये आहे. 24 च्या दुपारपर्यंत पोचा आणि गावातच राहा. लेक डिस्ट्रिक्टला लंडनच्याच यूस्टन स्टेशनहून ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमिअर, पुढे बस. एरवी हा प्रवास सुंदर आहे, पण बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन, सुट्टीच्या गर्दीत मी तो करणार नाही. गाडीने जायचं तर लंडनहून कॉट्सवोल्ड्समधलं बोर्टन-ऑन-द-वॉटर साधारण 85 मैल आणि लेक डिस्ट्रिक्टमधलं केझिक सुमारे 300. नाताळच्या आदल्या दिवशी एम-6 महामार्गावर काय होतं ते त्यात धरलेलं नाही.

कॉट्सवोल्ड्स म्हणजे मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, बुटक्या टेकड्या आणि एकमेकांना खेटून असलेली गावं. सर्वांत उंच टेकडी क्लीव्ह हिल, 330 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे अगदीच किरकोळ. बोर्टनला विंड्रश नदीच्या उथळ पात्रातच नाताळचं झाड उभारतात. संध्याकाळी दिवे लागले की ते पाण्यात उतरतं आणि आई तिथून हलायला तयार नव्हती. तिथून लोअर स्लॉटरपर्यंतची पायवाट दीडेक मैलाची. नावाचा कत्तलीशी संबंध नाही, मूळ अर्थ चिखलाची जागा असा सांगतात. बाबांचे पांढरे बूट तो अर्थ अजून मिरवताहेत. बॉक्सिंग डेला बायबरीला नदीत रबरी बदकांची शर्यत असते. मुलांना तेवढ्यावर दिवसभर पुरतं. तोटा एकच: सगळं जरा जास्तच नेटकं आहे. तीन गावं पाहिली की चौथं आधी पाहिल्यासारखं वाटतं.

लेक डिस्ट्रिक्टचं तसं नाही. तिथे खरे डोंगर आहेत, इंग्लंडमधलं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक (978 मीटर) तिथलंच. 2017 पासून हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. डिसेंबरात डोंगर तपकिरी-तांबूस होतात, तळ्यांवर धुकं लोळत असतं आणि उन्हाळ्यातली गर्दी कुठेच नसते. केझिकजवळच्या डरवेंटवॉटर तळ्याच्या काठावर सकाळी नऊला मी एकटी उभी होते. ते दृश्य कॉट्सवोल्ड्सच्या दहा गावांच्या बदल्यातही मी देणार नाही. पण दिवस लहान. केझिकला सूर्य साडेआठला उगवतो आणि चारच्या आतच बुडतो, तोही डोंगराआड त्याआधीच जातो. कॅटबेल्सचा डोंगर (451 मीटर) उन्हाळ्यात मुलंही चढतात. डिसेंबरात निसरड्या खडकावर, अंधाराशी शर्यत लावून, सवय नसेल तर नकोच. तिथली डोंगर-बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून त्यांना नाताळच्या जेवणावरून उठवायचं का? वडीलधाऱ्यांना टार्न हाउजच्या तळ्याभोवतीचा सोपा फेरा पुरे. विंडरमिअरवरच्या बोटीही 25 सोडून चालू असतात.

आणि पाऊस. बॉरोडेलमधलं सीथवेट वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलतं. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण आपला पाऊस डिसेंबरात पडत नाही. 5 डिसेंबर 2015 ला होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत 341 मिलिमीटर पडला. ग्रासमिअर ते केझिकचा मुख्य रस्ता वाहून गेला आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिला. दरवर्षी असं होत नाही, पण निघायच्या आदल्या रात्री रस्त्यांची बातमी नक्की बघा. आई-बाबांची औषधंही मोजून न्या. मोठ्या इस्पितळाची गरज पडली तर कॉट्सवोल्ड्समधून चेल्टनम किंवा ऑक्सफर्ड हाताशी आहे, केझिकहून कार्लाइल गाठायला पाऊण तास तरी लागतो.

घर घ्यायचं की गावातल्या पब-खानावळीच्या वरची खोली? शाकाहारी मंडळी असतील तर घरच. नाताळच्या जेवणात टर्की तर असतेच, पण निरागस दिसणारे भाजलेले बटाटेही कित्येकदा हंसाच्या चरबीत केलेले असतात. ख्रिसमस पुडिंगमध्ये परंपरेने गुरांची चरबी, म्हणजे सुएट, घालतात. वनस्पतीजन्य सुएटही मिळतं, त्यामुळे विचारल्याशिवाय खाऊ नका. मिन्स पायचं गंमतीचं आहे, नावात खिमा आणि आत मनुका-बेदाणे, पण सुएट तिथेही असू शकतं. पबमध्ये 25 चं जेवण आधी पैसे भरूनच मिळतं, रात्री स्वयंपाकघर बहुधा बंद. मांसाहारी आणि चौघंच असाल तर मात्र खोली घ्या. दुपारी दोन तास गाव पबमध्ये लोटतं, तीनला राजाचं भाषण ऐकायला घरोघर परततं, आणि तेवढ्यात तुमच्याशी दहा जण बोलून जातात.

घर घेताना फोटोतल्या शेकोटीवर भाळू नका, घर कशाने तापतं ते विचारा. बऱ्याच खेड्यांत गॅसची वाहिनी नसते, तेलाची टाकी असते. आमच्या लेक डिस्ट्रिक्टच्या घरातलं तेल 24 च्या रात्री संपलं आणि मालकाचा फोन दोन दिवस बंद. चौघं एकाच खोलीत, लाकडाच्या शेगडीसमोर गाद्या ओढून झोपलो. मुलांच्या मते तोच सर्वांत भारी नाताळ. दगडी घर तापायला तसेही तासन्‌तास लागतात. धुराचा अलार्म कुठे आहे तेही बघून ठेवा. कॉट्सवोल्ड्सच्या घरात लसणाच्या पहिल्याच फोडणीला तो ओरडला तेव्हा बाबा स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होते.

तिघं-चौघं धडधाकट असाल, पावसात भिजायची तयारी असेल आणि चार रात्री तरी हाताशी असतील तर लेक डिस्ट्रिक्ट. त्याहून कमी दिवसांसाठी तो प्रवास परवडत नाही. बरोबर सत्तरीची माणसं किंवा पाळण्यातलं मूल असेल तर कॉट्सवोल्ड्स, तेही मुख्य गावात, शेतातल्या एकट्या घरात नाही. अरुंद रस्त्यांवर पहाटे पाणी गोठतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

यंदा आई-बाबा येताहेत, म्हणून आम्ही ऑगस्टमध्येच स्टो-ऑन-द-वोल्डला घर घेऊन ठेवलं. परवा आईचा फोन आला होता. घरात मिक्सर आहे का ते विचारून ठेव म्हणाली, नाहीतर ती चटण्या कुटूनच आणणार आहे.