घरपोच बॅटरीच्या नावाखाली ४,२५० रुपयांना फसले, नाशिककरांनो टर्मिनल बघून घ्या

लिहू की नको यात पंधरा दिवस गेले, कारण लाज वाटते. मिस्टरांना पण मी आठवडाभर सांगितलं नव्हतं. पण परवा आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकांकडे तसाच एकजण स्कूटरवर गोणपाटात बॅटरी घेऊन आलेला दिसला, मी धावत खाली जाऊन काकांना थांबवलं, तर तो माणूस माझ्याशी एक शब्द न बोलता गोणपाट उचलून निघून गेला. तेव्हा ठरवलं की लाज गेली खड्ड्यात, लिहायचंच.

९ डिसेंबर, मंगळवार. त्या आठवड्यातली थंडी सगळ्यांना आठवत असेल. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, साडेनऊला गंगापूर रोडला पोचायचं, आम्ही राहतो इंदिरानगरला, आणि मिस्टर सोमवार ते शुक्रवार पुण्यात. सव्वाआठला आईला गाडीत बसवलं, सेल्फ मारला तर नुसतं घर्र... घर्र... आणि बंद. डॅशबोर्डचे लाइट मंद. नेहमीच्या गॅरेजवाल्या दादांना फोन केला तर ते गावाला लग्नाला गेलेले, दुकान साडेदहाशिवाय उघडणार नाही. रिक्षाने का नाही गेलात असं आता सगळे विचारतात. आईला चार जिने उतरवून गाडीत बसवलेलं, डोळ्यात थेंब घातलेले, ती घाबरलेली, त्यात परत आणायला पण गाडीच लागणार होती. त्या क्षणी डोक्यात फक्त गाडी चालू करणे एवढंच होतं. फोनवर शोधलं, '२४ तास घरपोच बॅटरी' म्हणून पहिला नंबर आला तो लावला. वीस मिनिटांत माणूस हजर, म्हणजे मला तर तेव्हा देव भेटल्यासारखं वाटलं.

त्याने बॉनेट उघडलं, मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, "ताई, सेल्फ मारा." मी मारला. "बघा, आकडा बघा, ९.८! बारा पाहिजे ना? एक सेल गेलाय याचा, आता ही चार्ज पण होणार नाही." मी बघितलं, खरंच ९.८ होता. मला तेव्हा हे माहीत नव्हतं की सेल्फ मारताना कुठल्याही बॅटरीचा आकडा खाली येतोच, चांगली बॅटरी सुद्धा दहाच्या आसपास येते आणि उतरलेली असेल तर अजून खाली जाते. बॅटरी मोजायची ती गाडी बंद ठेवून, थोडे तास निवांत राहिल्यावर. फुल चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर उतरलेली आहे. पण उतरलेली म्हणजे मेलेली नाही! खरंच सेल गेला असेल तर गाडी बंद असताना, चार्ज केल्यावर सुद्धा साडेदहाच्या आसपास अडकते, कारण बॅटरीत सहा सेल, म्हणजे सहा कप्पे असतात आणि एकेका सेलचे दोन व्होल्टच्या जरा वर. हे सगळं मला नंतर अंबडच्या एका इलेक्ट्रिशियनने समजावलं, पैसे न घेता.

माझ्या गाडीला ३५ एएच क्षमतेची, ३८बी२०एल साईजची बॅटरी लागते. त्याने भाव सांगितला ४,८००, जुन्या बॅटरीचे वजा ७००, घरी येण्याचे आणि फिटिंगचे १५०. म्हणजे ४,२५०. दुकानापेक्षा फार स्वस्त सांगितलं असतं तर मला संशय आला असता हो, पण भाव बरोबर बाजारासारखाच. बॅटरी काढली गोणपाटातून. खोका नाही. विचारलं तर म्हणाला खोके दुकानात ठेवतो, स्कूटरवर मावत नाहीत. वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं, स्टिकर चकचकीत, मोठ्या कंपनीचं नाव, आणि त्याने लगेच वरचा तो चार्जिंग दाखवणारा हिरवा डोळा दाखवला, "बघा ताई, ग्रीन, फुल चार्ज." आता कळलं की तो डोळा सहापैकी फक्त एकाच सेलचं सांगतो, बाकी पाच सेल मेले तरी तो हिरवा राहू शकतो.

आणि आता ते, जे मला रात्री झोपू देत नाही. त्याने प्लॅस्टिक काढलं तेव्हा मला टर्मिनलवर ओरखडे दिसले. शिशाचे ते दोन खांब असतात ना, त्यावर गोल गोल चकचकीत घासल्याच्या खुणा, क्लॅम्प आवळून काढल्याच्या. नव्या बॅटरीचं टर्मिनल एकसारखं गुळगुळीत असतं आणि बऱ्याचदा त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते. मला दिसलं. माझ्या डोळ्यांना दिसलं! मी विचारलं पण, "हे कसले ओरखडे?" तो वर न बघता म्हणाला, "कंपनीत लोड टाकून टेस्टिंग करतात ना ताई, त्याचे." आणि मी "बरं" म्हटलं. एवढंच. बरं. आई गाडीतून विचारत होती झालं का गं, घड्याळात पावणेनऊ, आणि मी बरं म्हटलं. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी वाद घालणारी मी, तिथे ४,२५० रुपयांना बरं म्हणून मोकळी झाले.

दुसरी खूण त्याच्याही पुढची. मी बिल मागितलं. तो म्हणाला पक्कं बिल पाहिजे तर वर २८ टक्के जीएसटी लागेल. अहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्के झालाय, आणि हे मला माहीत होतं, कारण आमच्या ऑफिसात मी बिलांचंच काम करते! शिवाय एमआरपीत टॅक्स धरलेलाच असतो, 'वर' काही लागतच नाही. जो माणूस रोज बॅटऱ्या विकतो त्याला अडीच महिन्यांनी पण दर माहीत नाही म्हणजे तो बिल फाडतच नाही, इतकं सरळ होतं. मी म्हटलं राहू द्या बिल, वॉरंटी कार्ड द्या. कार्ड दिलं, त्यावर शिक्का होता, पण सिरियल नंबरची जागा कोरी. "६० महिने सगळे फ्री, दुकानात जाऊन ॲक्टिव्हेट करतो, मेसेज येईल." तो मेसेज अजून यायचाय. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं, म्हणाला वहिनीचं खातं आहे. माझी जुनी बॅटरी त्याच गोणपाटात घालून गेला.

ऑपरेशन नीट झालं, आई ठीक आहे.

संध्याकाळी गाडी लावताना बघितलं तर मागचा केबिन लाइट चालू. रविवारी रात्री मुलगा कंपास शोधायला गाडीत शिरला होता, लाइट तसाच राहिला, सोमवारी गाडी हललीच नाही. म्हणजे बॅटरी नुसती उतरली होती. कुणीतरी जंप दिला असता, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून चालू करून दिली असती, आणि नंतर दोनशे-अडीचशे देऊन चार्ज करून घेतली असती तर संपलं होतं. मग फाईल काढली, तर जुन्या बॅटरीचं बिल सापडलं, जुलै २०२२ चं. ३० महिने फ्री आणि पुढचे २५ महिने प्रो-राटा, म्हणजे जितके महिने वापरली तितकी सूट कमी. म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंत वॉरंटी होती, खरंच खराब असती तरी नवीनवर सूट मिळाली असती. ती चांगली बॅटरी मी माझ्या हाताने ७०० रुपयांना दिली, आणि ती पण धुऊन पुसून नवीन स्टिकर लावून कुणाच्या तरी गाडीत बसली असणार. हा धंदा असाच फिरतो.

३० जानेवारीला, म्हणजे बरोबर ५२ दिवसांनी, पाथर्डी फाट्याजवळ पंपावर पेट्रोल भरायला गाडी बंद केली ती परत चालूच होईना. मागे रांग, हॉर्न, लोक ओरडतायत, मी एकटी. शेवटी पंपावरच्या दोन पोरांनी ढकलून बाजूला घेतली, एका मेकॅनिकने येऊन जंप दिला, ५०० रुपये. तशीच गाडी बंद न करता अंबडला त्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून मोजलं, १४.१, म्हणजे अल्टरनेटर चांगला, चार्जिंग येतंय, बॅटरीच धरत नाही. मग त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर. बाजूला तारखेचा कोड असतो तिथे घासलेलं. समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर ८ किलो ३०० ग्रॅम, आणि त्याच साईजची नवीन ओरिजनल ९ किलो ९००. शिसं कमी म्हणजे वजन कमी. स्टिकरवरचा नंबर कंपनीला फोन करून सांगितला, असा नंबर आमच्या रेकॉर्डला नाही म्हणाले.

रिकंडिशन, म्हणजे जुनीच दुरुस्त केलेली बॅटरी म्हणून सांगून स्वस्तात विकली तर माझी काही तक्रार नाही, ज्याला परवडत नाही तो घेईल. नवीन म्हणून विकणं ही चोरी आहे.

आता तक्रारीचं ऐका. त्याचा नंबर बंद. कंपनीच्या कस्टमर केअरला चार फोन, प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, शेवटी उत्तर काय तर माल आमचा नाही त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही, डीलरशी बोला. अहो तुमचं नाव छापून विकतायत, तुम्हाला काहीच वाटत नाही? बँकेत गेले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत मॅडम, पिन तुम्ही टाकलाय. मग पोलीस चौकी. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर कुठंयत?" गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, फसले मी, आणि मिस्टर कुठंयत! मग म्हणाले सिंहस्थाची तयारी चालू आहे, इथे माणसं पुरत नाहीत आणि तुम्ही चार हजारांची बॅटरी घेऊन आलात. मी म्हटलं साहेब, मला एकटीला चार हजार, पण तो दिवसाला पाच जणांना विकत असेल तर हिशेब करा ना. फसवणुकीला कायदा आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, मी वाचून गेले होते. तर म्हणे हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे, तिकडे जा. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का ड्रॉवरमध्ये कुलपात आणि चावी दुसऱ्याकडे. पाऊण तास बसले मी त्या चावीसाठी. मग ज्या दुसऱ्या कार्यालयात पाठवलं तिथे विचारलं बिल कुठंय. बिल दिलं असतं तर तो फसवणारा कसा राहिला असता? दुकानाचा पत्ता विचारला. मॅपवर जो पत्ता होता तिथे मी स्वतः गेलेय, द्वारकाच्या पुढे एका गल्लीत, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्या दुकानदाराने सांगितलं की बॅटरीवाल्याला शोधत येणारी मी तिसरी. तिसरी! हे मी लेखी दिलं तरी कुणी त्या गल्लीत जाऊन आलेलं नाही. पैसे कुणाच्या खात्यात गेले ते नाव माझ्या स्क्रीनशॉटमध्ये आहे, बँकेला एक पत्र लिहिलं तर माणूस सापडतो, पण ते पत्र लिहिणार कोण.

ज्यांच्याकडे बिल आहे त्यांनी मात्र गप्प बसू नका, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षं. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो आणि मी तिथेच अडकलेय.

नवीन बॅटरी अधिकृत डीलरकडून घेतली, ४,६५०. खोटी बॅटरी बदल्यात दिली नाही, ती पुरावा आहे, बाल्कनीत पाटावर ठेवलीय. म्हणजे ४,२५० अधिक ५०० अधिक ४,६५०, एकूण ९,४०० रुपये, एका केबिन लाइटपायी. या वेळी डीलरसमोर उभं राहून सगळं केलं. बॅटरीवरचा नंबर, बिलावरचा नंबर, कार्डावरचा नंबर तिन्ही स्वतः जुळवले, वॉरंटीचा मेसेज माझ्या मोबाईलवर आल्यावरच पैसे दिले. बनवल्याची तारीख पण विचारली, कारण नुसती पडून राहिली तरी बॅटरी हळूहळू उतरते आणि तशीच उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटा खराब होतात, सहा-आठ महिने दुकानात पडलेली मी तरी घेणार नाही. साईजच्या शेवटचं एल की आर ते पण बघा, त्यावरून टर्मिनलची बाजू कळते, टर्मिनल उलट्या बाजूला आलं तर वायर ताणून बसवतात. आणि वॉरंटीचे महिने विचारताना 'फ्री किती, प्रो-राटा किती' असं तोडून विचारा, ६० महिने सगळे फ्री म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. जुनी बॅटरी कुणालाही देऊ नका, डीलरलाच द्या आणि बिलात तिचे वजा झालेले पैसे लिहून घ्या, ती गोळा करून रीसायकलला पाठवायची जबाबदारी २०२२ च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्या कंपनीवर आहे. डिकीत जंपर केबल ठेवा, मी ठेवलीय. आणि जुनं बिल शोधल्याशिवाय नवीन बॅटरी घेऊच नका.

काल रात्री परत शोधून बघितलं. तोच दुकानाचा फोटो, नाव वेगळं, नंबर वेगळा, आता पत्ता नाशिकरोडचा. मी रिपोर्ट केलंय. डिसेंबरपासून इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा, नाशिकरोड भागात कुणी घरपोच बॅटरी बसवून घेतली असेल तर आजच बॉनेट उघडा, स्टिकरचा कोपरा नखाने उचलून बघा, आणि खाली दुसरं स्टिकर निघालं तर मला कळवा. झेरॉक्सवाल्याच्या हिशेबाने आम्ही तिघं तरी आहोत, चार-पाच अर्ज एकत्र गेले तर चौकीत त्यांना ते पत्र लिहावंच लागेल.