छोटी फंक्शन्स की सलग कोड?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीचं बिलिंग लिहायचंय. वजन, दर, जीएसटी यांची वेगळी फंक्शन्स (नाव देऊन हवं तेव्हा बोलावता येणारे कोडचे तुकडे) करायची, की सगळं एकाच लूपमध्ये कोंबायचं?

माझं मत ठाम आहे: वेगळी करा. सी++ किंवा रस्टमध्ये साध्या फंक्शन कॉलला, म्हणजे फंक्शनला बोलावण्याला, फार तर काही नॅनोसेकंद लागतात. ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) छोटी फंक्शन्स बहुतेकदा स्वतःच इनलाइन करतो, म्हणजे कॉलच्या जागी त्यांचा कोडच बसवतो. त्याच बिलासाठी डेटाबेसकडे एक फेरी मारली आणि मिलिसेकंद गेला, तर दहा लाख नॅनोसेकंद गेले! तिथं कॉल वाचवून काय हशील? उलट जीएसटीचा दर बदलला की एकाच जागी हात घालायचा.

सलग कोड शोभतो तो पायथनच्या तापलेल्या, म्हणजे लाखो वेळा फिरणाऱ्या, लूपमध्ये. तिथं कॉल बराच महाग. कास्टिंगच्या फोटोतला प्रत्येक पिक्सेल फंक्शनकडे पाठवाल, तर प्रोग्राम रांगेल. अर्थात, तिथंही नमपाय (NumPy, आकड्यांच्या अख्ख्या संचावर एकदम काम करणारी पायथनची लायब्ररी) त्याहून सरस.