पिंपात चाललेले आऊटबोर्ड इंजिन : बडोद्यातील एका सौद्याचा अनुभव

मासेमारीच्या होडीसाठी जुने आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे, इंजिन घेण्याचा विचार करणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो लिहीत आहे. बडोद्यात जुनी यंत्रसामग्री विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने आम्हाला जे इंजिन विकले ते बंद पडलेले नव्हते. आमच्या डोळ्यांदेखत ते दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झाले आणि तेवढ्याच बळावर ते आमच्या गळ्यात मारले गेले.

माझा मामेभाऊ दापोलीजवळ हर्णैला राहतो आणि मासेमारीवरच त्याचे घर चालते. त्याची होडी फायबरची, साधारण अठ्ठावीस फुटी असून तिच्या पोटात डिझेल इंजिन आहे. मागच्या हंगामात ते भर समुद्रात बंद पडले आणि शेजारच्या नाखव्याने दोर टाकून होडी ओढून आणली. त्यानंतर जोडीला एक लहान आऊटबोर्ड असावे असे ठरले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन बसवून व्हावे असा विचार होता. मी बडोद्यात राहत असल्यामुळे आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य गेल्यामुळे शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

अशा सहायक इंजिनाकडून वेगाची अपेक्षा नसते. जाळी, बर्फ आणि मासळीने जड झालेली होडी वाऱ्याला आणि ओहोटीला तोंड देत बंदरात आणणे, हे त्याचे काम. आमच्या होडीसाठी ८ ते १० हॉर्सपॉवर पुरेशी होती. पण होडी ढकलणारा पाण्यातला पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात थोडेच अंतर कापून जोर जास्त देणारा हवा होता आणि दांडा, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणारा भाग, लांब हवा होता. आऊटबोर्डचा दांडा सर्वसाधारणपणे १५, २० किंवा २५ इंचांचा असतो. होडीच्या मागच्या फळीवर इंजिनाचा क्लॅम्प जिथे टेकतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत हे माप घेतात, आणि ती पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली यावी लागते. दांडा आखूड पडला तर लाटेवर होडीचा मागचा भाग उचलला जाताच पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. आमच्या फळीला २० इंची दांडा लागत होता आणि हे मी फोनवरच स्पष्ट सांगितले होते.

व्यापाऱ्याने सांगितलेली हकिगत ऐकण्यासारखी होती. भावनगरजवळ अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे तोडली जातात आणि त्यांतून निघालेले सामान, अगदी कपबशांपासून जनरेटरपर्यंत, गुजरातभर विकले जाते, हे इकडे सर्वांना ठाऊक आहे. हे इंजिन अशाच एका जहाजाच्या बचाव-होडीचे असून कवायतीपुरते सुरू करण्यापलीकडे ते कधी वापरलेलेच नाही, असे तो म्हणाला. गोष्ट पटण्याजोगी होती, कारण अशी इंजिने खरोखरच वर्षानुवर्षे नुसती टांगलेली असतात. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बचाव-होडीला पूर्ण माणसांनिशी ६ नॉटचा (ताशी सुमारे ११ किलोमीटर) वेग गाठावा लागतो आणि तो ४ तास टिकवावा लागतो, त्यामुळे तिच्यावर बहुधा २५ हॉर्सपॉवरच्या आसपासचे इंजिन असते. आम्हाला दाखवलेले इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचे होते. ही विसंगती हर्णैच्या मेकॅनिकने एका वाक्यात सांगितली. व्यापारी चांगले मराठी बोलत होता, दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालो असे सांगत होता, आणि ‘काका, आपल्या माणसाला मी वाईट माल देईन का?’ हे त्याचे पालुपद होते.

दुकानामागच्या अंगणात दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप पाण्याने भरून ठेवले होते आणि लाकडी घोडीवर बसवलेले इंजिन त्यात सोडले होते. पिंपाभोवतीची फरशी ओली होती आणि पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग पसरला होता. म्हणजे आम्ही पोचण्यापूर्वीच इंजिन चांगले तापवून घेतले होते. तापलेले इंजिन पहिल्या हिसक्याला सुरू होणे यात विशेष काही नाही. जुन्या इंजिनाची परीक्षा ते थंड असताना होते. शिवाय पिंपात पंख्याबरोबर पाणीही गरगर फिरते, त्यामुळे इंजिनावर खरा भार येत नाही, आणि थ्रॉटल वाढवावा तर पाणी बाहेर उसळते, म्हणून ते मंद गतीवरच चालवून दाखवले जाते. बाजूने पडणारी पाण्याची धार तो पुन्हा पुन्हा दाखवत होता. त्या धारेवरून थंड करणारा पंप पाणी उचलतो एवढेच कळते. सिलिंडरमध्ये दाब किती उरला आहे किंवा गिअरच्या डब्यात पाणी शिरले आहे काय, हे तिच्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

दांड्याचे माप त्याने स्वतःहून घेऊन दाखवले. टेपचे वरचे टोक त्याच्या पोऱ्याने क्लॅम्पवर धरले, खालचे त्याने धरले, आणि आकडा बरोबर वीस इंच आला. टेपचे खालचे टोक आडव्या पट्टीवर नव्हते, तर पंख्याच्या मधल्या बोंडावर होते. पट्टीपासून पंख्याच्या मध्यापर्यंत या आकाराच्या इंजिनात सुमारे पाच इंच जातात, म्हणजे १५ इंची दांडा २० इंचांचा होतो. बोलण्याच्या ओघात आणि धुराच्या वासात हे इतक्या सफाईने झाले की हा हात रोजचा असावा याबद्दल मला शंका नाही. सौदा ७२,००० रुपयांना ठरला, रक्कम बँकेतून दिली आणि इंजिन ट्रान्सपोर्टने दापोलीला रवाना झाले.

आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटी लागलेली असताना मामेभावाने चाचणी घेतली. होडी प्रवाहाविरुद्ध कशीबशी जागेवर टिकून राहिली, आणि दोघे खलाशी पुढे नाळेकडे जाताच मागचा भाग उचलला जाऊन पंखा हवेत फिरू लागला. डिझेल इंजिन चालू होते म्हणून प्रसंग निभावला.

त्यानंतर मेकॅनिकने केलेली तपासणी तासाभराची होती आणि तीच बडोद्यात करता आली असती, असे तो म्हणाला. मात्र व्यापाऱ्याने स्क्रूला पाना लावू दिला नव्हता, ‘सील तुटेल’ असे कारण सांगून. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सैल करताच गिअर ऑइलऐवजी दूध घातलेल्या कॉफीसारखे काही तरी बाहेर आले, म्हणजे पाणी अडवणारे सील गेलेले आणि पाणी आत शिरलेले. दोन सिलिंडरांच्या दाबात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नसावी असा साधारण ठोकताळा आहे. इथे एकात दुसऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश दाब होता. खाऱ्या पाण्याने धातू खाल्ला जाऊ नये म्हणून इंजिनाखाली जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो, जो स्वतः झिजून बाकीचे वाचवतो. त्यावर रंग चढला की तो निकामी होतो, आणि म्हणून आऊटबोर्डची जाण असलेला माणूस त्याला कधीही रंगवत नाही. आमच्या इंजिनाचा तो तुकडा चकचकीत काळ्या रंगाने बाकी अंगासारखाच रंगवलेला होता. क्लॅम्पवरची मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी नव्हती. ‘जहाजावर रंग देताना निघाली’ हे उत्तर आम्हाला आधीच मिळाले होते. जिथे पट्टी नाही तिथे झाकणावरच्या ९.९ या स्टिकरला काडीचीही किंमत नाही, कारण स्टिकर बाजारात सुटे मिळतात.

सर्वांत शेवटी सापडली ती इंधनाच्या नळीजवळची, रबरी बूच मारून बंद केलेली दुसरी तोटी. हे मुळात केरोसीनवर चालणारे इंजिन होते. अशी इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर वळवतात आणि त्यांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेला असतो. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो होड्या त्यांच्यावर चालतात आणि त्यात वावगे काही नाही. पण तेच इंजिन पेट्रोलचे म्हणून विकले की घेणाऱ्याला मोजलेल्या पैशाइतका जोर मिळत नाही, आणि दोष कुठे आहे हेही कळत नाही.

व्यापाऱ्याचे उत्तर थोडक्यात असे की माल ‘जसा आहे तसा’ विकला. त्याने दिलेल्या गुजराती बिलावर इंजिन हा शब्दच नाही. ‘जुने मशिनरी पार्ट’ एवढेच लिहिले आहे. सुदैवाने दांडा २० इंची, पेट्रोलचे आणि ९.९ हॉर्सपॉवरचे, हे तिन्ही शब्द त्याने मोबाइलवर संदेशात लिहून पाठवले होते आणि ते आमच्याकडे आहेत. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक, इंधन आणि दांड्याची लांबी लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्या अंगणात पिंपापर्यंत जाण्याचेही कारण नाही, असे माझे मत आहे.

अशा प्रकरणात तक्रारीचा मार्ग बंद आहे असे अनेकांना वाटते, कारण होडी धंद्याची. प्रत्यक्षात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणून तक्रार मामेभावाच्या नावाने, त्याच्याच जिल्ह्यात दाखल झाली आहे. पैसे माझ्या खात्यातून गेले असले तरी वापरणारा तो आहे आणि तसे पत्र सोबत जोडले आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि व्यापाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली.

ते इंजिन आम्ही दुरुस्त केलेले नाही. गिअर ऑइल बाटलीत भरून, त्यावर तारीख आणि मेकॅनिकची सही घेऊन ठेवले आहे, आणि क्लॅम्पपासून पट्टीपर्यंत टेप लावलेले फोटो काढून ठेवले आहेत. वस्तूतला दोष ठरवण्यासाठी आयोग ती तपासणीला पाठवू शकतो. एकदा सील बदलून नवे तेल भरले की तपासण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून ज्यांच्याकडे असे इंजिन आधीच आले असेल त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी एवढे करून घ्यावे.