मॅक्रो लेन्स घ्यायची, की नळ्यांवर भागवायचं?

पावसाळ्यात बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली की आमच्याकडे आधी कॅमेरा शोधला जातो. यंदा भाचीने विचारलं, "मामा, मॅक्रोसाठी, म्हणजे किड्यांचे अगदी जवळून मोठे फोटो काढायला, काय घेऊ? पाच हजारांच्या वर जायचं नाहीये." मी उलट विचारलं, "तुझ्याकडे लेन्स कोणती आहे?" या प्रश्नाचं उत्तर त्यावरच ठरतं, खिशावर नंतर.

50 एमएमची लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब. ही म्हणजे बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. आत काच नाही, त्यामुळे लेन्सच्या पुढे आणखी एखादी भिकार काच येण्याची भीती नाही. हिशेब सोपा: नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा), तेवढं वर्धन वाढतं, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट, ते. 12, 20 आणि 36 मिलिमीटरचा तीन नळ्यांचा संच मिळतो. 36 ची नळी 50 वर लावली की 0.72 पट, आणि तिन्ही लावल्या तर खऱ्या आकारापेक्षाही मोठी प्रतिमा सेन्सरवर पडते. हीच 36 ची नळी 200 एमएमवर लावा, वाढ फक्त 0.18 पट. 18-55 एमएमच्या झूम लेन्सच्या 18 टोकाला लावलीत तर फोकस काचेलाच येऊन चिकटतो, काहीच टिपता येत नाही.

किंमत मात्र वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. 36 ची नळी लावल्यावर किडा लेन्सपासून अर्ध्या वितीवर हवा, तिन्ही लावल्यावर चार बोटांवर. म्हणजे सावली तुमचीच पडते. 1:1 ला, म्हणजे प्रतिमा किड्याएवढीच असताना, दोन स्टॉप उजेड जातो, पाव हिस्साच उरतो. पुण्यात वेताळ टेकडीवर जुलैच्या ढगाळ सकाळी हे चांगलंच जाणवतं. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, एफ/11 इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. मुंगीचा डोळा आला तर पाय गेले. फोकसची रिंग फिरवत बसू नका. ती एका जागी ठेवून स्वतःच श्वास रोखून मागेपुढे डुला आणि पाच-सहा फोटो सलग काढा. नळी लावलेली असताना लांबचं काहीच फोकस होत नाही, तेव्हा समोरून मोर गेला तर नुसता बघायचा. आणि नळ्या टेकडीवर बदलू नका. सेन्सरवर धूळ बसते.

स्वस्तातल्या नळ्यांना कॅमेरा आणि लेन्स जोडणारे इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात. मी पहिल्यांदा त्याच घेतल्या, शे-दोनशे वाचवल्याचा आनंद झाला आणि घरी येऊन पाहतो तर कॅननच्या लेन्सचं अॅपर्चर पूर्ण उघडंच राहिलेलं. एक जुगाड आहे: एफ/11 ठेवायचं, अॅपर्चर प्रत्यक्ष मिटवून दाखवणारं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स काढून नळीवर बसवायची. चालतं, पण दर वेळी हा खटाटोप! निकॉनच्या जी लेन्सचं (यांना अॅपर्चर रिंग नसते) उलट, अॅपर्चरची पाती मिटतात आणि किट्ट अंधार. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत तर बहुतेक लेन्सची फोकस रिंगही विजेवर चालते, म्हणजे तीही गप्प. संपर्कवाल्या नळ्या थोड्या महाग असल्या तरी त्याच घ्या. अपवाद एकच: अॅपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स. तुमच्या बॉडीला बसणारी तशी एखादी जुन्या बाजारात रविवारी हाती लागली, तर साधी नळी झकास.

आता 55-250 किंवा 70-300 एमएमच्या झूम लेन्सवाल्यांनी नळ्यांचा नाद सोडावा. त्यांना लेन्सच्या तोंडावर लावायची क्लोज-अप काच बरी. इथे गणित उलटं आहे, लांब लेन्सला फायदा जास्त. +4 ची (नंबर चष्म्यासारखाच) काच 200 एमएमवर 0.8 पट देते, किडा पाव मीटरवर राहतो आणि उजेडही फारसा जात नाही. चतुर, टाचण्या (चतुराचे बारीक भाऊबंद), नाकतोडे अशा चटकन उडणाऱ्या मंडळींसाठी हे अंतर सोन्याचं. फक्त चार काचांचा स्वस्त संच घेऊ नका, कडा धुरकट येतात आणि जांभळी झाक उतरते. रेनॉक्स कंपनीच्या डीसीआर-250 सारखी, एकाहून जास्त भिंगांची काच क्लिपने बसते आणि फोटो रेखीव येतो.

रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त. लेन्स उलटी बसवायची, बस्स. 28 एमएम उलटी केली की जवळपास दुप्पट. पण मागची काच उघडी पडते आणि पुन्हा अॅपर्चरची तीच रड. नाणी, मीठ, जास्वंदीचे परागकण यांच्यासाठी ठीक.

खरी मॅक्रो लेन्स? दर रविवारी टेकडी चढणार असाल तर घ्या. ऑटोफोकस, अनंतापर्यंतचा फोकस आणि अंतर, सगळं एकत्र मिळतं. नाहीतर वीस-तीस हजार कपाटात झोपतात.

भाचीकडे 50 होती, म्हणून तिने संपर्कवाल्या नळ्या घेतल्या. पहिल्याच दिवशी कढीपत्त्यावरच्या अळीजवळ इतकी वाकली, की तिचा श्वास लागून अळीने डोक्यामागून लालबुंद शिंगं बाहेर काढली. शिंगं फोटोत आली, धूसर. अळी मात्र फ्रेमबाहेर.