ॲलर्जीची इंजेक्शने : उपचार घेण्याजोगा, पण केंद्र पारखून घ्यावे

धुळीतील सूक्ष्म कीटकांच्या ॲलर्जीवर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा, म्हणजेच इम्युनोथेरपीचा, पूर्ण कोर्स मी केला आहे आणि त्याबद्दलचे माझे मत अनुकूल आहे. मात्र या उपचाराचे यश औषधाइतकेच ते देणाऱ्या केंद्राच्या शिस्तीवर अवलंबून असते. गोळ्या आणि नाकातले फवारे घेतले तोवरच आराम देतात, तर ही इंजेक्शने शरीराची प्रतिक्रियाच सौम्य करत नेतात. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच अत्यल्प मात्रेत देऊन मात्रा हळूहळू वाढवत न्यायची, हे त्यामागचे तत्त्व आजही कायम आहे.

सुरू करण्यापूर्वी पहिला प्रश्न निदानाचा असतो. त्वचेवर केलेल्या प्रिक टेस्टमध्ये किंवा रक्ताच्या तपासणीत एखादा पदार्थ 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे त्रास त्याच्यामुळेच होतो असे नाही. तो पदार्थ संपर्कात आल्यावर शिंका, डोळ्यांची खाज किंवा धाप प्रत्यक्षात वाढते का, हे डॉक्टरांनी विचारून जुळवून पाहायला हवे. मी चौकशी केलेल्या एका केंद्रात केवळ रक्ताचा अहवाल पाहून, एकही प्रश्न न विचारता, कोर्सची तारीख देऊ केली गेली आणि तेवढ्यावरून मी तेथे न जाण्याचे ठरवले. हा उपचार ॲलर्जीची सर्दी, डोळ्यांचा त्रास, ॲलर्जीमुळे होणारा दमा आणि मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाची गंभीर ॲलर्जी यांसाठी आहे, आणि दंशाच्या बाबतीत तर तो विशेष परिणामकारक ठरतो. अन्नाच्या ॲलर्जीसाठी अशी इंजेक्शने नेहमीच्या उपचारात वापरली जात नाहीत, त्यामुळे कोणी ती त्यासाठी सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. सुरुवातीचे तीन ते सहा महिने आठवड्यातून एकदा किंवा दोनदा इंजेक्शन घ्यावे लागते. त्यानंतर ठरलेली पूर्ण मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी, अशी एकूण तीन ते पाच वर्षे चालू राहते. फरक अनेकांना पहिल्या काही महिन्यांत जाणवत नाही आणि नेमके याच टप्प्यावर बरेच जण कंटाळून कोर्स सोडतात. खाडा पडला तर पुढची मात्रा किती कमी करायची याचे नियम असतात, आणि खाडा मोठा असेल तर बरेच मागे जाऊन पुन्हा चढत यावे लागते. ज्यांना कामानिमित्त सतत फिरतीवर राहावे लागते त्यांनी केंद्राच्या वेळा आणि खाड्यांचे नियम आधीच विचारून घ्यावेत, कारण एका ठिकाणी तयार झालेला अर्क दुसऱ्या ठिकाणी तसाच चालू ठेवणे नेहमी शक्य होत नाही.

मी ज्या केंद्रात उपचार घेतला तेथील पद्धत मात्र मनापासून वाखाणण्यासारखी होती. प्रत्येक वेळी परिचारिका माझे नाव आणि जन्मतारीख माझ्याकडूनच वदवून घेत, कुपीवरच्या चिठ्ठीशी ती ताडून पाहत, मागच्या इंजेक्शनानंतर सूज किती आली होती ते नोंदवत, आणि ताप किंवा छातीत घरघर आहे का हे विचारल्याशिवाय सिरिंज भरत नसत. दम्याच्या रुग्णांना आधी नळीत फुंकर मारायला लावून श्वासाचा जोर मोजला जाई आणि तो कमी भरला तर त्या दिवशीचे इंजेक्शन पुढे ढकलले जाई. सुई बारीक असते, ती दंडाच्या मागच्या बाजूला त्वचेखाली दिली जाते आणि वेदना किरकोळ असते.

इंजेक्शननंतर केंद्रातच थांबायची तीस मिनिटे हीच माझ्या दृष्टीने केंद्राची खरी कसोटी आहे. टोचलेल्या जागी लाली, खाज आणि सूज येणे नेहमीचेच. परंतु क्वचित, म्हणजे साधारण हजार इंजेक्शनांमागे एकदा, प्रतिक्रिया सर्व अंगभर पसरते, अंगावर पित्त उठते, घसा आवळल्यासारखा वाटतो, धाप लागते, रक्तदाब घसरू शकतो. अशा बहुतेक गंभीर प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतात आणि त्यावर ॲड्रेनालिन हे तातडीचे औषध ताबडतोब द्यावे लागते. म्हणून जेथे ॲड्रेनालिन हाताशी नाही, डॉक्टर आवारात नाहीत किंवा 'घाई असेल तर जा' असे सहज सांगितले जाते, तेथे हा उपचार सुरू करू नये, आणि कुपी घरी नेऊन स्वतः टोचून घेण्याचा विचारही करू नये. त्या दिवशी इंजेक्शनच्या आधी आणि नंतर दोन तास जड व्यायाम टाळण्यास सांगितले जाते, तेही पाळावे.

डॉक्टरांना स्वतःहून सांगायच्या गोष्टींत रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर संकटाच्या वेळी ॲड्रेनालिनचा अपेक्षित परिणाम होत नाही. दमा आटोक्यात नसेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. गरोदरपणात कोर्स नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून नीट चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बहुधा तोच डोस पुढे नेता येतो. ॲंटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे दाबणाऱ्या, गोळ्यांबाबत रुग्णांचा नेहमी गोंधळ उडतो : त्वचेच्या चाचणीआधी त्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, इंजेक्शनच्या दिवशी मात्र सूज कमी राहावी म्हणून अनेक डॉक्टर त्या घ्यायला सांगतात.

पूर्ण मात्रेवर वर्षभर राहूनही काहीच फरक पडत नसेल तर कोर्स ओढत न नेता निदान, अर्क आणि मात्रा यांचा फेरविचार करण्याचा आग्रह धरावा. कोर्स पुरा झाल्यावर अनेकांना लाभ पुढे काही वर्षे टिकतो, काहींची लक्षणे परततात, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगणे योग्य होय. ज्यांना इतक्या फेऱ्या जमणारच नाहीत त्यांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांविषयी विचारावे; त्या मोजक्याच ॲलर्जींसाठी मिळतात आणि रोज घ्याव्या लागतात, पण पहिली गोळी डॉक्टरांसमोर घेतल्यावर पुढच्या घरीच घेता येतात.