जीएसटी-टॅलीचा ऑनलाइन डिप्लोमा: कोर्स संपत आल्यावरचा अनुभव

नोकरी नागपूरला हिंगणा एमआयडीसीत, अकाउंट्सला. घर वर्धमाननगरला. संध्याकाळी लोकमान्य नगरहून मेट्रो, घरी येऊन स्वयंपाक आणि रात्री साडेआठला क्लास. बाहेर क्लासला जाणं जमणारच नव्हतं, म्हणून हा ऑनलाइन डिप्लोमा घेतला. शिकवणं चांगलंच आहे, त्याबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते वेगळं: मी या कोर्सात टिकले ती माझ्या गटामुळे.

आधी दुसऱ्या एका संस्थेचा कोर्स घेतला होता. सगळे रेकॉर्डेड व्हिडिओ. समजायचं सगळं, पण आठवडाभर लॉगिन नाही केलं तरी विचारणारं कुणी नव्हतं. ‘डिअर लर्नर’ असा एक मेल यायचा, बस. तो कोर्स मधेच सुटला.

इथे पहिल्याच आठवड्यात सहा-सहा जणांचे गट पाडले आणि ते आजपर्यंत तेच ठेवलेत. आमच्यात उमरेडच्या एक ताई, कामठीचा एक पोरगा, गोंदियाचे किराणा दुकानवाले काका, भंडारा आणि काटोलच्या दोघी. दर बुधवारी ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे गटापुरत्या वेगळ्या ऑनलाइन खोलीत, एकाच व्यापाऱ्याचे कागद सहा जणांत वाटून मिळतात. कुणाकडे खरेदीची बिलं, कुणाकडे विक्रीची, कुणाकडे बँक स्टेटमेंट, कुणाकडे जीएसटीआर-टूबी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी. दुसऱ्याकडचा कागद आपल्याला दिसत नाही, त्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो. एक जण आला नाही की आयटीसीचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, ताळा बसत नाही. ही जिगसॉ पद्धत. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये ती सुरू केली. वेगवेगळ्या वंशांची मुलं तेव्हा तिथे एका वर्गात बसायला लागली होती आणि भांडणं होत होती. प्रत्येकाच्या हाती असा तुकडा द्यायचा की त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडेल, ही त्यामागची कल्पना. आमच्या सरांनी ती खरेदी-विक्रीच्या बिलांवर बसवली, याचं मला फार कौतुक आहे.

मे महिन्यात सासूबाईंना उन्हाचा त्रास होऊन भरती करावं लागलं. बुधवारचा क्लास बुडाला, खरेदीची बिलं माझ्याकडे. रात्री उमरेडच्या ताईंचा फोन. “अगं, आयटीसी जुळूनच नाही राहिला, तेव्हा लक्षात आलं तू नाहीस ते. बिलं राहू दे, आई कशा आहेत ते सांग.” दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांच्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी कामठीच्या पोराची व्हॉइस नोट आली: “ताई, त्या सप्लायरनं विक्रीचा रिटर्न, जीएसटीआर-वनच नाही भरला, म्हणून त्याचं बिल टूबीत दिसून नाही राहिलं. त्याचा आयटीसी या महिन्यात घ्यायचा नाही.” हा मुद्दा मी आता कधी विसरणार नाही. आज ऑफिसात १४ तारखेला टूबी आलं की पहिल्यांदा तेच तपासते, २० तारखेला थ्रीबी, म्हणजे महिन्याच्या कराचा रिटर्न, भरताना मग धावपळ होत नाही.

सरही क्लासच्या आधी दहा मिनिटं येऊन बसतात आणि नाव घेऊन विचारतात. “काका, या आठवड्यात दुकानात कुठलं बिल अडलं?” असं विचारल्यावर काका जे सांगतात, ते पुस्तकात सापडत नाही.

न पटलेली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची सक्ती. मधे संस्थेनं मुख्य लेक्चरला सगळ्यांना कॅमेरा सुरू ठेवायला लावला. आपलेपणा वाढावा म्हणून, असं कारण दिलं. दोन खोल्यांचं घर, मागे सासरे जेवायला बसलेले, मुलाचा अभ्यास चाललेला. कितीतरी बायका त्या काळात गप्पच झाल्या. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसत राहणं हे एक आहे. झूममध्ये स्वतःचा चेहरा आपल्यापुरता लपवता येतो, हे संस्थेनं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आम्ही मिळून लिहिल्यावर सक्ती गेली. सहा जणांच्या खोलीत मात्र सगळे आपणहून कॅमेरा लावतात, कारण तिथे सासऱ्यांनाही सगळे ओळखतात.

गुणांप्रमाणे नावं लावणाऱ्या लीडरबोर्डचा काही उपयोग नाही. वर तीच चार नावं, खालचे बघणं सोडून देतात.

विदर्भातल्या मुलांना एकदा तरी भेटवावं, हे संस्थेच्या ध्यानात आलं नाही. आम्हीच एका रविवारी सीताबर्डीला जमलो. काका महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले, येताना दुकानाच्या रिटर्नची फाइल घेऊन. तर्री पोहे खाता खाता ती फाइल सहा जणांनी तपासली.

फी भरायच्या आधी एवढं विचारा: गट किती जणांचा, तो शेवटपर्यंत तोच राहतो का, आणि गैरहजर राहिलं तर फोन कोण करतं. पुढच्या बॅचचे गट दर महिन्याला बदलणार असं कानावर आलंय, ओळखी वाढाव्यात म्हणून. तसं करू नका, असं मी संस्थेला लिहून कळवलंय. पहिला महिनाभर तर आम्ही एकमेकांना ‘मॅडम’च म्हणत होतो.