सुप्त कासदाह: सीएमटी की कल्चर?

सुप्त कासदाहात, म्हणजे जनावराच्या कासेच्या छुप्या आजारात, दूध दिसायला चांगलंच असतं, कासेला सूज नसते. म्हणूनच तो अंगावर काढला जातो. गोठ्यात पटकन करता येते ती सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, १९५७ पासूनची. चार खणांच्या ट्रेमध्ये चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, तेवढंच चाचणीचं द्रावण घालून ट्रे गोल फिरवायची. दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर द्रावणाने त्या फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण शेंबडासारखं घट्ट होतं. अर्ध्या मिनिटात कळतं कोणतं सड बिघडलंय. जंतू कोणता, हे मात्र कळत नाही.

ते सांगतं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत दुधातले जंतू वाढवून केलेली तपासणी. त्याला साधारण २४ ते ४८ तास लागतात आणि नमुना काटेकोर घ्यावा लागतो: सडाचं टोक स्पिरिटने पुसायचं, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, बाटली निर्जंतुक हवी. तरीही स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कधीकधी निसटतो, कारण तो दुधात सतत उतरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: चाळणीला सीएमटी, पण प्रतिजैविक ठरवायचं तर आधी कल्चर. अंदाजाने इंजेक्शन देणं मला अजिबात पटत नाही.